मागच्या सीटची टेस्ट राइड

मोटारसायकलची टेस्ट राइड घ्यायची ती पुढे बसणाऱ्याने, आणि गाडी घरी आल्यावर पुढची दहा वर्षे मागे बसायचे ते घरातल्या बाईने, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. दिवाळीच्या सुट्टीत नव्या हिमालयनची टेस्ट राइड घ्यायला वर्तकनगरच्या घरातून निघालो, तेव्हा आम्ही दोघांनी जिना उतरतानाच ठरवले होते की या वेळी मागची सीटही तपासायची आणि तिचे मत पूर्ण धरायचे.

आमच्याकडे 2018 सालच्या सुरुवातीची, रॉयल एनफील्डची जुनी हिमालयन आहे. ही 411 सीसीची गाडी कंपनीने 2016 मध्ये आणली. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच नावाची, पण मुळापासून वेगळी 452 सीसीची गाडी आली आणि जुनीचे उत्पादन थांबले. जुनी अजून छान चालते, अल्हम्दुलिल्लाह. तरी दोन वर्षे घरात विषय निघतो, मिटतो, पुन्हा निघतो.

चाळिशी उलटलेल्या नवराबायकोला टूरिंगची मोटारसायकल कशाला हवी, असे नातेवाईक विचारतात. उत्तर ईदच्या चंद्रात आहे. आमचे गाव महाडजवळ. ईदचा दिवस चंद्रावर ठरतो आणि रेल्वेचे आरक्षण कॅलेंडरवर. पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचे, 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडते. पण रोजे 29 होणार की 30, हे साठ दिवस आधी कोण सांगणार? सणाच्या दिवसांत कोकण रेल्वेची तिकिटे किती वेळ टिकतात, हे वाचकांना सांगायला नको. मिळालेच तर वीर स्टेशनवर उतरून पुढे सामानासह वाहन शोधायचे. त्यापेक्षा असरची नमाज पढून घरून निघावे, पळस्पे फाट्यावरून मुंबई–गोवा महामार्गाला लागावे, पेण किंवा नागोठण्याला खजूर-पाण्याने रोजा सोडावा आणि इशाच्या सुमारास गावात पोहोचावे, हा आमचा रिवाज झाला आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या थोडे वर. रस्ता कुठे चौपदरी आणि गुळगुळीत, तर कुठे वर्षानुवर्षे काम चालू असलेला. अशा रस्त्याला उंच, लांब सस्पेन्शनची गाडी लागते. शौक त्यात नाही असे म्हणणार नाही, पण नुसता शौक नाही.

आता दोन गाड्यांतला फरक. आकडे कोरडे वाटतील, तरी थोडे सोसावेत. जुन्या इंजिनात सिलिंडरचा व्यास 78 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 86. नव्यात व्यास 84 आणि धाव 81.5. धाव व्यासापेक्षा लांब असली की इंजिन कमी फेऱ्यांवर, सावकाश, पण नेटाने ओढते. जुनीची कमाल ओढ 32 न्यूटन मीटर, आणि ती चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. नवीची 40, पण त्यासाठी इंजिन साडेपाच हजारांपर्यंत फिरवावे लागते. ताकद साधारण 24 अश्वशक्तीवरून 40 वर गेली, गिअर पाचाचे सहा झाले, आणि हवा व तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाच्या जागी पाण्याचा रेडिएटर असलेले इंजिन आले. थोडक्यात, जुनी गाडी बैलगाडीच्या बैलासारखी, नवी टांग्याच्या घोड्यासारखी. आपल्याला नेहमी कोणता रस्ता असतो, ते पाहून निवडायचे.

शोरूमच्या मुलाने परवान्याची नोंद करून किल्ली दिली. रिवाजाप्रमाणे मागे तो स्वतः बसणार होता. आम्ही म्हटले, मागे या बसतील, तुम्ही दुसऱ्या गाडीवरून या. तो क्षणभर गोंधळला, मग हसून तयार झाला. गावाहून आलेल्या अम्मींनी निघताना सवारीची दुआ पढायची आठवण दिली होती. सूरह जुखरुफमध्ये ही दुआ जिथे येते, तिथे आधीच्या आयतीत जहाजांचा आणि जनावरांचा उल्लेख आहे. अम्मींच्या हिशेबी टेस्ट राइडची गाडीही सवारीच, मग ती अर्ध्या तासासाठी का असेना.

पहिला अडथळा चढून बसण्याचाच. जुनीच्या सीटची उंची 800 मिलिमीटर. नवीची 825, आणि ती 845 पर्यंत वाढवता येते. कमी उंचीची सीट वेगळी मिळते. कागदावर एक इंच, पण मागची जागा त्याहूनही वर असते. बुरखा किंवा अबाया घालून एका पायटेवर भार देऊन दुसरा पाय सामानाच्या कॅरिअरवरून पलीकडे टाकायचा, तेवढ्यात गाडी डावीकडे कलते आणि पुढच्याला ती एका पायावर तोलावी लागते. आमची पद्धत अशी: पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून ब्रेक दाबून धरायचा, मागचीने दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवायचे, "बसू?" असे विचारायचे आणि "हां" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. जुनीवर हे सवयीने होते. नवीवर पहिल्यांदा जमले नाही, दुसऱ्यांदा जमले.

कपड्यांबद्दल इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या घरांत यावर बोलणे कमी होते आणि अपघात होतात. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसणे लांबच्या प्रवासात टाळावेच. अचानक ब्रेक लागला तर धरायला काही उरत नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसायचे तर आत सलवार किंवा पँट, आणि वर भरपूर घेराचा, पुढून बटणांनी उघडणारा अबाया, खालची चार बटणे सोडलेली. घेर दोन्ही मांड्यांखाली दाबून बसायचा. ओढणी अबायाच्या आत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 123 सांगतो की प्रत्येक मोटारसायकलला मागच्यासाठी धरायची मूठ, पायटे आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, ते हेच. शौकीन मंडळी गाडी घरी आली की पहिल्यांदा तेच काढून टाकतात, गाडी दणकट दिसावी म्हणून. आमच्या जुन्या गाडीवर ते पहिल्या दिवसापासून आहे. नवीवर ते कसे बसते, किती चाक झाकते, हे आम्ही खाली वाकून पाहिले. बाजारात त्याच गाडीसाठी सामानाच्या लोखंडी चौकटी मिळतात. त्या लावताना गार्ड काढावे लागत असेल, तर चौकट नको.

हेल्मेट मागच्यालाही सक्तीचे आहे. ते घेताना डोक्यावर स्कार्फ बांधून माप घ्यावे. आतला स्कार्फ पातळ सुती असावा आणि त्याला कानामागे किंवा मानेपाशी पिन अजिबात लावू नये.

वर्तकनगर नाक्यावरून पोखरण रोड नंबर एकने उपवनकडे निघालो. सकाळची वेळ, तरी रिक्षा, शाळेच्या बस, मधेच थांबणारे दुधाचे टेम्पो. अशा गर्दीत जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत गुमान चालते. नवी कुरकुर करत नाही, पण तिला गिअर खाली हवा असतो. रोज नाक्यापर्यंत जाऊन भाजी आणायची असेल, तर आम्ही आजही जुनीच काढू.

उपवन तलाव मागे टाकून येऊरच्या चढाला लागलो आणि चित्र पालटले. चढावर एका वळणापाशी मुद्दाम थांबलो आणि दोघे बसलेले असताना पुन्हा निघालो. जुनीवर अशा वेळी क्लच जपून सोडावा लागतो. नवी सहज उठली. वळणांवर तिचे पुढचे सस्पेन्शन घट्ट वाटले. पाठीमागून ऐकू आलेला अभिप्राय मात्र इंजिनाबद्दल नव्हता: "गुडघे इथे कमी दुमडतात." मागची सीट थोडी रुंद, धरायला कॅरिअर हाताशी. अर्ध्या तासात कंबरेचा निकाल लागत नाही, हेही खरे. नागोठण्यापर्यंत बसल्याशिवाय कुठल्याही सीटची परीक्षा होत नाही.

उपवनला परत उतरून पोखरण रोड नंबर दोनवरून घोडबंदर रोड गाठला. मेट्रोच्या खांबांच्या बाजूने, सेवा रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून ब्रेक तपासले. आमची गाडी एबीएस सक्तीचे होण्याआधीची आहे. चालू मॉडेलांना ते 1 एप्रिल 2019 पासून बंधनकारक झाले. एबीएस म्हणजे जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू न देणारी यंत्रणा. नवीत ती दोन्ही चाकांना आहे, आणि पुढची डिस्कही 300 वरून 320 मिलिमीटरची झाली आहे. जुनीवर अचानक ब्रेक लागला की मागच्या हेल्मेटचा पुढच्या हेल्मेटवर टक्कन आवाज होतो; आमच्या घरात तो आवाज म्हणजे अबोला सुरू झाल्याची खूण. घोडबंदरला पुढच्याने दोनदा जोरात ब्रेक दाबला. दोन्ही वेळा टक्कर झाली नाही. सगळ्या टेस्ट राइडमध्ये आम्हाला मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

मोटारसायकलला चौपदरी महामार्गावरही ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. मग चाळीस अश्वशक्ती कशाला? पाठीवर बायको, कॅरिअरवर ईदचे कपडे आणि शीरखुर्म्याचा सुकामेवा, समोर कंटेनर, आणि रस्ता दुपदरी. अशा जागी ओलांडायला चार सेकंद लागतात की आठ, एवढाच ताकदीचा उपयोग. बाकी गोल पडद्यावर गुगल मॅप दिसतो वगैरे. महाडचा रस्ता आम्हाला पाठ आहे.

परत आल्यावर खरा चढ लागला, पैशांचा. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांवर आधी 28 टक्के कर आणि 3 टक्के उपकर होता, तो सरसकट 40 टक्के झाला. म्हणजे कराआधी शंभर रुपयांची वस्तू आधी 131 ला होती, ती 140 ला. आणि छोट्या गाडीची 128 वरून 118 ला. नवी हिमालयन शोरूमच्या किमतीतच तीन लाखांच्या पुढे गेली, त्यावर रोड टॅक्स आणि विमा वेगळा.

मुलाने लगेच कॅल्क्युलेटर काढला. महिन्याला इतके, पाच वर्षे. त्याचे कामच ते. आम्ही सांगितले की आमच्या घरात सुदावर वस्तू घेत नाहीत. त्याने नम्रपणे विचारले, "मग तुम्ही लोक गाड्या घेता कशा?" प्रश्न वाजवी होता. आपल्याकडे इस्लामी बँकिंगचा रस्ता नाही. रिझर्व्ह बँकेने तो विचार पुढे न नेण्याचे 2017 मध्येच स्पष्ट केले. मग उरते ती बचत, नात्यातले कर्जे-हसना आणि बीसी. आमच्या बीसीत बारा जण आहेत, दरमहा ठरलेली रक्कम, ज्याचा नंबर त्याला सगळी उचल, वर एक रुपया नाही. आमचा नंबर येत्या जूनमध्ये आहे. पण तीच रक्कम मुलीच्या बारावीनंतरच्या फीसाठीही मोजून ठेवलेली आहे, आणि एक रक्कम दोन ठिकाणी खर्च होत नाही.

त्या रात्री जेवणानंतर बराच वेळ बोललो. "इसराफ" हा शब्द अम्मींनी नव्हे, मागे बसणारीनेच काढला. वर्षाला गावच्या चार-पाच फेऱ्या, त्यांच्यासाठी तीन लाखांवर? पुढे बसणाऱ्याचे म्हणणे, फेऱ्या चारच असल्या तरी त्या पावसात, अंधारात आणि दोघांच्या जिवानिशी होतात. ब्रेकची किंमत फेऱ्यांवर कशी मोजणार? दोघांचेही बरोबर होते, म्हणून वाद मिटला नाही. सव्वाअकराला अम्मी म्हणाल्या, "एवढी उंच गाडी. मला गावात डॉक्टरकडे न्यायची झाली तर शिडी लावणार का?"

त्यातून नवा विषय निघाला. त्याच कंपनीची मीटिअर 350 आहे. ताकद वीस अश्वशक्तीच, पण सीटची उंची 765 मिलिमीटर, एबीएस आहे, आणि ती करकपातीच्या बाजूला पडते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचे पोट जमिनीला हिमालयनपेक्षा पुष्कळ जवळ, हा दोष. तो महाडच्या रस्त्यावर किती जाणवेल, हे बसून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

तूर्त जुन्या हिमालयनला दोन नवे टायर, चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक पॅड घातले आहेत. रमजानची ईद तिच्यावरच होईल, इन्शाअल्लाह. मीटिअरची वेळ पुढच्या रविवारची घेतली आहे, आणि शोरूमला फोनवरच सांगून ठेवले आहे की आम्ही तिघे येणार, अम्मीही मागे बसून बघणार.