जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार

अमेरिकेंत शेव्हरोले कंपनीनें 1947 सालीं नव्या घाटाचे पिकअप ट्रक विक्रीस काढले. त्यांतील अर्ध्या टनाचा '3100' शेतावर राबण्यासाठीं जन्मास आला. आज हौशी गृहस्थ आपल्या गॅरेजांत त्याचा जीर्णोद्धार करीत बसतात.

अशा गृहस्थाचा हात प्रथम जातो तो रंगाच्या डब्याकडे. परंतु गंज रंगाखालीं लपतो, मरत नाहीं. केबिनच्या मागील खालच्या कोपऱ्यांत माती व ओल सांचून पत्रा कुजतो. तेवढा भाग कापून नवा पत्रा सांधल्यावांचून गत्यंतर नाहीं. हौद्याचा तळ लांकडी फळ्यांचा असतो. तें सुतारकाम मात्र मोठें सुखाचें.

आतां इंजिन. मूळच्या 216 घनइंची, सहा सिलिंडरांच्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या टोंकाची पळी तेलांतून फिरते आणि त्यावर बेअरिंगचें वंगण चालतें. शेताच्या वाटेला हें पुरे. हमरस्त्यावर सतत दामटल्यास बॅबिट धातूचीं तीं बेअरिंगें टिकत नाहींत. म्हणून पुष्कळजण त्याच कंपनीचें, पूर्ण दाबानें तेल पुरविणारें, नंतरचें 235 घनइंची इंजिन बसवितात. परंपराभिमान्यांना हें पाप वाटतें. मला वाटत नाहीं.

ब्रेकविषयीं तर वादच नको. एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना दाब पुरवितो. एक नळी फुटली कीं पायाखालचा ब्रेक संपला! दुहेरी सिलिंडर बसविल्यास पुढचीं व मागचीं चाकें परस्परांपासून स्वतंत्र होतात. बाहेरून कोणास हा बदल दिसत नाहीं. तरी हा खर्च रंगाच्या आधीं करावा.