मेलबोट लढाईवर गेली तेव्हा...

जुन्नरच्या माणसाला समुद्र तसा परका नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण त्याची साक्ष देत अजून उभा आहे. पुढे व्यापार आटला आणि ओघ उलटा झाला. जुन्नर-आंबेगावची माणसे पोटासाठी मुंबईला उतरली. कुणी गिरणीत लागले, कुणी डब्यांच्या धंद्यात शिरले, कुणी मशीद बंदरच्या गोदामांत ओझी वाहू लागले. काही पलटणीत भरती झाले आणि सरकारी बोटीत बसून दूरच्या मुलखात लढायला गेले. या बोटी कुठल्या, त्या चालवत कोण होते, याचे कुतूहल मला त्यातूनच लागले.

लढाईपूर्वी या बोटींचा थाट वेगळाच होता. विलायतेची डाक आणणारी मेलबोट बॅलार्ड पिअरला लागली, की मुंबईत ती बातमी असे. पी. अँड ओ. कंपनीची ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ही त्यांतली मानाची बोट. ती ग्लासगोजवळ बांधली गेली. बांधणी सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘ताजमहाल’ ठरले होते. पाण्यात उतरली ती ‘व्हाइसरॉय’ होऊन, सप्टेंबर १९२८ मध्ये. वजन साडेएकोणीस हजार टनांवर. वाफेच्या टर्बाइनवर वीज तयार करायची आणि त्या विजेच्या मोटारींनी पंखे फिरवायचे, अशी तिची नवी रचना असल्याने ती फारशी थरथरत नसे. पहिल्या वर्गाच्या प्रत्येक उतारूला स्वतंत्र खोली आणि पोहायला बोटीच्या पोटातच तलाव! आतली सजावट केली होती कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांची कन्या एल्सी मॅके हिने. बोट पाण्यात उतरण्यापूर्वीच, मार्च १९२८ मध्ये, अटलांटिक ओलांडण्याच्या विमानप्रवासात ती बेपत्ता झाली. आपण सजवलेली बोट तिला पाहायलाच मिळाली नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात या बोटीला एक जागा आहे. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शनिवार, ४ ऑक्टोबर १९३० रोजी मुंबईहून निघाले, ते याच ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ने. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेला ते ‘मुलतान’ बोटीने गेले, आणि गांधीजी ‘राजपुताना’ने. युद्ध पेटल्यावर या तिन्ही बोटी सरकारने ताब्यात घेतल्या. ‘राजपुताना’वर तोफा चढल्या आणि एप्रिल १९४१ मध्ये आइसलँडजवळ जर्मन पाणबुडीने तिला बुडवले. ‘मुलतान’ आधी तोफा घेऊन आणि मग सैन्य वाहून युद्धातून वाचली. १९५४ मध्ये ती मोडीत निघाली.

‘व्हाइसरॉय’ १९४० च्या अखेरीस सैन्यवाहू झाली. अशा बोटीचे रूपांतर म्हणजे लग्नघराची धर्मशाळा करण्यासारखे. गालिचे आणि नक्षीदार सामान काढायचे, फळकुटांचे बिछाने एकावर एक ठोकायचे, जिथे जेवायचे त्याच टेबलांवर रात्री झोळ्या टांगायच्या. अंगाला करडा रंग आणि दिव्यांना बंदी. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या. आपले सैनिक अल्जिअर्सला उतरवून ‘व्हाइसरॉय’ परत निघाली असताना ११ नोव्हेंबरच्या पहाटे यू-४०७ या पाणबुडीचा पाणतीर तिला लागला. सकाळी ती बुडाली. साडेचारशे माणसांपैकी चौघे दगावले. उरलेल्यांना ‘बोआडिशिया’ या विनाशिकेने उचलले.

बोटीच्या कथा बहुधा इथेच संपतात. पण बोट आपोआप चालत नसते. पी. अँड ओ. च्या मेलबोटींवर डेकचे काम बहुतेक कोकण आणि गुजरात किनाऱ्यावरच्या खलाशांकडे असे. रत्नागिरीकडची माणसे त्यात पुष्कळ. बॉयलरपाशी पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले आणि जेवणाच्या दालनात गोव्याचे लोक. सारंग आणि टंडेल हे त्यांचे मुकादम. इंग्रज या सगळ्यांना ‘लास्कर’ म्हणत. शब्द आपल्या ‘लष्कर’चाच. पगार गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्शाच्या आसपास. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी इंग्लंडच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले. शेकडो जण तुरुंगात गेले, पण पगार वाढवून घेतला.

त्यांच्या वाट्याला काय आले, हे ‘रोहना’ बोटीवरून कळते. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट एरवी मद्रास-सिंगापूर वाटेवरची. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकन सैनिकांना पूर्वेकडे आणताना अल्जिरियाजवळ तिच्यावर जर्मन विमानाने रेडिओने वळवता येणारा बॉम्ब टाकला. अकराशेहून अधिक माणसे गेली. अमेरिकेने या घटनेचा तपशील कित्येक वर्षे दाबून ठेवला. वाचलेल्या काही सैनिकांनी ठपका ठेवला तो भारतीय खलाशांवर: त्यांनी होड्या सोडून आधी स्वतःचा जीव वाचवला, असा. आता आकडे पाहा. बोटीवरच्या या खलाशांपैकी निम्म्याहून अधिक त्याच दिवशी मेले. स्वतःचा जीव वाचवून पळालेल्यांचा हा हिशेब कसा जमायचा? त्यांच्या बाजूने बोलायला मात्र कुणी नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात साडेसहा हजारांच्या आसपास भारतीय खलाशी कामी आले, असे मानतात. लंडनच्या टॉवर हिलवर समुद्रात गेलेल्या व्यापारी खलाशांचे भव्य स्मारक आहे. आपल्या खलाशांची नावे मात्र मुख्यतः मुंबई आणि चितगाव इथल्या स्मृतिग्रंथांत नोंदली गेली. मुंबईत त्यांची जागा मशीद बंदरचे इंडियन सेलर्स होम. गोदामांच्या गर्दीतल्या या इमारतीवरून हजारो माणसे ओझी घेऊन रोज जातात. आत काय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

‘व्हाइसरॉय’चे नाव निघाले, की तिचा पोहण्याचा तलाव सांगितला जातो. बाबासाहेबांचा तिच्यावरचा प्रवासही आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. त्याच बोटीचे दोर ओढणाऱ्या, तिचे बॉयलर सांभाळणाऱ्या माणसांची आठवण ठेवणे अवघड नाही. कोकणातल्या ज्या घरांत खलाशी पणजोबाच्या नोकरीची जुनी कागदपत्रे पेटीत पडून असतील, त्यांनी ती एकदा बाहेर काढावीत आणि मुलांना वाचून दाखवावीत.