जुन्या जीपगाडीत पेट्रोल अडते कोठे?

सामुदायिक विकास कार्यक्रमास २ ऑक्टोबर १९५२ रोजी प्रारंभ झाला. त्या काळापासून जीप ही गाडी खेड्यापाड्यांच्या चांगल्या परिचयाची झाली. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या जुन्या जीपगाड्यांपैकी पुष्कळ पुढे मोडीत निघाल्या, तर पुष्कळांना डिझेल इंजिने बसविण्यात आली. तथापि मूळचे पेट्रोल इंजिन, यांत्रिक पंप व कार्बुरेटर असलेल्या काही गाड्या अद्यापि शेतकरी बांधवांच्या वापरात आहेत. बियाणे, खते व दुधाचे कॅन यांबरोबरच प्रसंगी रात्रीअपरात्री आजारी माणूसही त्यांतून न्यावा लागतो. अशी गाडी ऐन चढावर दम टाकून बंद पडली, की बहुधा प्रथम पंप बदलला जातो, नंतर कार्बुरेटर बदलला जातो, आणि एवढा खर्च झाल्यावर दोष टाकीच्या झाकणात निघतो. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. म्हणून भाग बदलण्यापूर्वी पेट्रोल नेमके कोठे अडले आहे, हे शोधून काढणे अगत्याचे आहे. त्यास विशेष हत्यारे लागत नाहीत. मात्र क्रम सोडून चालत नाही.

विहिरीवर पंप बसविलेल्या शेतकऱ्यास ही रचना समजण्यास मुळीच कठीण नाही. गाडीची टाकी ही विहीर समजावी. टाकीतील नळीच्या तोंडाची जाळी म्हणजे फुटव्हॉल्व्हची जाळी. तेथून इंजिनाच्या बाजूस असलेल्या पंपापर्यंतची नळी ही ओढीची नळी व पंपापासून कार्बुरेटरपर्यंतची नळी ही फेकीची नळी होय. कार्बुरेटरची वाटी म्हणजे हौद. या हौदात फ्लोट नावाचे पोकळ पितळी डबडे तरंगत असते. वाटी भरली की ते वर उचलले जाते व एका सुईने पेट्रोलची वाट बंद करते. पंपात डायफ्राम नावाचा लवचीक पडदा असतो. इंजिनाचा कॅमशाफ्ट एका दांडीच्या साहाय्याने हा पडदा खाली ओढतो व स्प्रिंग तो पुन्हा वर ढकलते. या पंपाचा जोर फार नसतो. दर चौरस इंचास सुमारे ३ पौंड एवढाच दाब तो देतो. त्यामुळे अल्पशी गळती किंवा थोडासा कचराही त्यास पुरेसा अडथळा ठरतो.

विहिरीवरच्या पंपाबाबत आणखी एक अनुभव येथे उपयोगी पडतो. ओढीच्या नळीस चीर पडली तर पंप चालू असताना पाणी बाहेर गळत नाही. उलट नळी बाहेरची हवा आत ओढते आणि पंप हवा धरतो. फेकीच्या नळीस चीर पडली तर मात्र पाण्याची धार दिसते. गाडीतही हेच घडते. “कोठेच गळत नाही, म्हणजे नळ्या ठीक आहेत,” असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो, तो टाकीपासून पंपापर्यंतच्या भागास लागू पडत नाही. वाळलेली रबरी नळी, सैल झालेला सांधा, किंवा पंपाच्या काचेच्या वाटीखालचे आखडलेले बुचाचे गॅस्केट यांपैकी कशातूनही हवा शिरू शकते आणि बाहेर पेट्रोलचा थेंबही दिसत नाही.

तपासणीस हात घालण्यापूर्वी आगीविषयी सांगणे भाग आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते व काही अंतरावरील विडी, चूल किंवा कंदील यांपर्यंत पोहोचते. तेव्हा गाडी उघड्या जागी उभी करावी, बॅटरीच्या विजेरीखेरीज कोणताही दिवा जवळ आणू नये, आणि वाळूची किंवा कोरड्या मातीची बादली हाताशी ठेवावी. चालू इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतण्याची खोड काही ठिकाणी आढळते. इंजिन उलटे भडकले तर ती ज्वाळा थेट हातातील बाटलीपर्यंत येते. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणेही तितकेच घातक होय. थोडेसे पेट्रोल श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेतू शकते. असे झाल्यास रोग्यास उलटी करावयास लावू नये, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

आता तपासणीचा क्रम. गाडी सुरू होत नसेल तर दोष पेट्रोलचा आहे की ठिणगीचा, हे प्रथम ठरवावे. एअर क्लीनर काढून, इंजिन बंद असताना, कार्बुरेटरच्या घशात पाहावे व अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने झटकन ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. मग पंपाच्या मागे न लागता स्पार्क प्लग, पॉइंट व कॉइल यांकडे वळावे. काही वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लग ओला निघाला व त्यास पेट्रोलचा उग्र वास आला तर एकतर ठिणगी नाही, किंवा फ्लोटची सुई बसत नसल्याने पेट्रोल जादा होत आहे.

गाडी चालता चालता बंद पडत असेल तर बंद पडण्याची तऱ्हा नीट लक्षात घ्यावी. तिच्यावरून निम्मे निदान होते. सकाळी गाडी सुरू होते, थोडे अंतर चांगली धावते, मग धक्के देत थांबते आणि पाच-दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा तितकेच चालते. याचा अर्थ वाटीतील साठा संपतो, पण मागून भरणा पुरेसा होत नाही. सपाटीवर ठीक व चढावर किंवा भरलेल्या गाडीस अपुरी, हीदेखील अपुऱ्या भरण्याचीच खूण होय. याउलट भरणा व्यवस्थित असून इंजिन केवळ मंद गतीवर बंद पडते, वेग वाढविला की ठीक चालते, अशा वेळी मंद गतीच्या जेटमध्ये कचरा असण्याचा संभव अधिक.

भरणा अपुरा वाटताच प्रथम टाकीचे झाकण उघडावे. टाकीतील पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी त्या जागी हवा आत यावी लागते व त्यासाठी झाकणास बारीक छिद्र असते. धूळ व चिखल यांनी ते बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला व त्यानंतर गाडी नीट चालली, तर दोष सापडला. छिद्र साफ करावे. हरवलेल्या झाकणाऐवजी चिंधी किंवा बिनछिद्राचे झाकण बसवलेले दिसते, तेही याच कारणासाठी काढून टाकावे.

एवढ्याने न भागल्यास वाट मधोमध तोडावी. कॉइलकडे येणारी बारीक तार काढावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बुरेटरकडे येणारी नळी सोडवून तिचे तोंड स्वच्छ बाटलीत धरावे व दुसऱ्या माणसाकडून हँडल फिरवून घ्यावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. झटका बसला तर अंगठा वाचतो. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून हँडलच्या दर दोन फेऱ्यांस एक, या हिशेबाने दहा फेऱ्यांत पाच ठसठशीत पिचकाऱ्या मिळाल्या पाहिजेत. त्या मिळाल्या तर टाकी, नळी व पंप तिन्ही निर्दोष ठरतात आणि दोष सुई, फ्लोट किंवा जेट यांत उरतो. पिचकारीत बुडबुडे असतील तर ओढीच्या बाजूने हवा शिरत आहे.

पिचकारी नसेल किंवा क्षीण असेल तर पंपाची ओढीची नळी सोडवावी. तिच्या जागी रबरी नळीचा चांगला तुकडा जोडून त्याचे दुसरे टोक डब्यातील स्वच्छ पेट्रोलमध्ये बुडवावे व पुन्हा हँडल फिरवावे. आता पंप जोमाने पेट्रोल उचलू लागला तर पंपास दोष देऊ नये. अडथळा मागे, नळीत अथवा टाकीत आहे. टाकीचे झाकण उघडे ठेवून सायकलच्या पंपाने नळीतून टाकीच्या दिशेने हवा मारावी व टाकीत बुडबुड्यांचा आवाज येतो का, ते ऐकावे. ही हवा गाडीच्या पंपातून कधीही मारू नये, त्याच्या झडपा बिघडतात. हवा मारल्याने गाडी त्या दिवशी सुरू होते, परंतु जाळीवरचा गंज पुन्हा टाकीतच पडलेला असतो व काही दिवसांनी परत येतो. टाकी उतरवून धुणे हाच खरा उपाय होय.

टाकीस डाग द्यावयाचा असेल तर विशेष सावध राहावे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. नुसते पाण्याने विसळून वेल्डिंगला दिलेल्या टाक्या फुटतात. ज्याच्याकडे टाकी वाफेने शुद्ध करण्याची सोय नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

स्वच्छ डब्यातूनही पंप उचलत नसेल तर दोष पंपाचा. काही पंपांना हाताने चालविण्याची छोटी दांडी असते. ती ढिली लागली तर पंप निकामी झाला, असे लगेच समजू नये. कॅमचा उंचवटा त्या वेळी दांडीखाली आला असेल. इंजिनाची एक फेरी देऊन पुन्हा पाहावे. पंपाच्या अंगास खालच्या बाजूला एक बारीक भोक असते, तेथून पेट्रोल झिरपत असेल तर पडदा फाटला आहे. हे लक्षण दुर्लक्षू नये. फाटक्या पडद्यातून पेट्रोल इंजिनाच्या ऑईलमध्येही उतरते. डिपस्टिक काढून पाहावी. ऑईलची पातळी वर चढलेली, ऑईल पातळ व त्यास पेट्रोलचा वास, असे आढळल्यास इंजिन तेथेच बंद करावे. अशा ऑईलवर गाडी घरापर्यंत रेटली तर बेअरिंगे जातात, आणि पडद्याच्या किमतीच्या जागी संपूर्ण इंजिनाचा खर्च उभा राहतो. पडद्याबरोबर ऑईलही बदलावे.

कार्बुरेटरविषयी थोडक्यात. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे. गरम पाण्यात बुडविल्यास छिद्रातून बुडबुडे येतात. जेट फुंकून साफ करावे, तारेने कोरू नये. पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते व गाडी कायमची जादा पेट्रोल खाऊ लागते. यांत्रिक पंपाऐवजी कोणताही विजेचा पंप बसविण्याचा सल्ला हल्ली पुष्कळ दिला जातो. त्याचा दाब जास्त असल्यास सुई तो पेलू शकत नाही व वाटी ओसंडते. शिवाय अपघातात इंजिन थांबले तरी तो पेट्रोल ओततच राहण्याची भीती असते. आमच्या मते मूळचा पंप दुरुस्त होण्यासारखा असेल तोवर तोच ठेवावा.

विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांत एप्रिल-मे महिन्यांत निराळीच अडचण येते. पेट्रोलमधील हलके घटक ४० अंश सेल्सियसच्या आसपासही वाफ होऊ लागतात. ओढीच्या नळीत दाब कमी असल्याने ही वाफ तेथे अधिकच लवकर धरते, आणि पंप वाफ उचलू शकत नाही. गाळणी तुंबल्याची लक्षणे व ही लक्षणे सारखीच दिसतात. फरक एवढाच, की तुंबलेली गाळणी थंड पहाटेही चढावर त्रास देते, वाफ केवळ उन्हात देते. पंपावर व नळीवर ओले फडके ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. तापलेल्या काचेच्या वाटीवर मात्र गार पाणी ओतू नये, ती तडकते. नळी एक्झॉस्टच्या जवळून गेली असल्यास ती दूर बांधून घ्यावी.

शेवटी एक नवी बाब, जिचा संबंध आपल्या उसाच्या शेतीशी पोहोचतो. उसाची मळी व रस, तसेच मका व तांदूळ यांपासून इथेनॉल तयार होते. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रायोगिक काम २००१ साली सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही ठिकाणे त्यात होती. २०२२ साली मिश्रणाचे प्रमाण १० टक्के व २०२५ साली २० टक्के झाले. ऊस उत्पादकास यापासून लाभ आहे, परंतु १९६० किंवा १९७० च्या सुमारास बनलेल्या गाडीतील रबर, बूच व पडदे या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. इथेनॉल टाकीतील जुना थरही सोडविते, त्यामुळे आरंभी गाळणी वारंवार तुंबते. म्हणून जुन्या गाडीच्या सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत, आणि बदललेली प्रत्येक नळी महिन्यातून एकदा बोटांनी दाबून पाहावी.

इथेनॉल पाणीही शोषून घेते. थोडे पाणी मिश्रणात विरून जाते. ते मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी थर धरतात, आणि नळी बहुधा तळाजवळूनच ओढत असते. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे पाहावयाचे असल्यास खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत १० मिलिलिटर पाणी व १०० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवावे व स्थिर होऊ द्यावे. २० टक्के मिश्रण असेल तर खालचा थर सुमारे ३० मिलिलिटर भरतो. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बुरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी. काढलेले पेट्रोल घरात साठवू नये, ते लगेच दुसऱ्या वाहनात वापरून टाकावे.