खडूच्या छातीतली खळखळ

बालमित्रांनो, वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करा. आई, आजोबा, ताई, जे कोणी हाताशी असेल त्यांच्या छातीला डाव्या बाजूने कान लावा आणि डोळे मिटून घ्या. लब-डब, लब-डब... ऐकू आलं? आता सांगा, हा आवाज कशाचा?

‘हृदय धडधडतं त्याचा!’ आमच्या वर्गात सगळ्यांनी एका सुरात हेच उत्तर दिलं. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. हृदयात चार कप्पे असतात आणि चार झडपा. झडप म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार. रक्त पुढे गेलं की मागचं दार बंद, म्हणजे ते परत येऊ शकत नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली दोन दारं मिटली की ‘लब’. हृदयातून बाहेर जाणाऱ्या वाटांवरची दोन दारं मिटली की ‘डब’. म्हणजे आपण ऐकतो तो दारं लागल्याचा आवाज! रक्त मात्र या दोन आवाजांच्या मधून मुकाट्याने वाहत असतं. कुत्र्याचं आणि मांजराचं हृदयही अगदी असंच, चार कप्प्यांचं आणि चार दारांचं.

हे सगळं मला कुणी शिकवलं ठाऊक आहे? खडूने!

खडू म्हणजे आमच्या शाळेचं कुत्र्याचं पिल्लू. पावसाळ्यात एके दिवशी व्हरांड्यात कुडकुडत बसलेलं सापडलं. पांढरंशुभ्र, म्हणून मुलांनी नाव ठेवलं खडू. मधल्या सुट्टीत खिचडी खायचा, नंतर माझ्या टेबलाखाली झोपायचा. अंगावर गोचीड बरेच होते, पण उड्या मारण्यात कुणाला हार जायचा नाही. दोनेक महिन्यांचा झाल्यावर मी आणि चौथीतली तीन मुलं त्याला लस टोचायला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. पाच मिनिटांचं काम, असं आम्हांला वाटत होतं.

डॉक्टरांनी खडूच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. ऐकलं. मग नळी थोडी पुढे सरकवली, पुन्हा ऐकलं. मग दुसऱ्या बाजूने. खोलीतला पंखा बंद करायला सांगितला. आम्ही सगळे गप्प. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘‘बाई, याच्या हृदयात मर्मर आहे. आज लस नको.’’

माझ्या बाजूला उभी असलेली मुलगी एकदम रडायला लागली. तिच्या लहान भावाच्या हृदयाला भोक होतं, त्याचं ऑपरेशन झालं होतं. ‘‘डॉक्टरकाका, खडूच्या पण हृदयाला भोक आहे का? तो मरणार का?’’

डॉक्टरांनी ‘छे छे, काही नाही’ असं म्हणून तिला उडवून लावलं नाही. ते मला फार आवडलं. ते म्हणाले, ‘‘मला अजून माहीत नाही. पण आपण शोधून काढू.’’ आणि त्यांनी तिला बाकावर बसवून नदीची गोष्ट सांगितली.

नदी जिथे रुंद आणि खोल असते, तिथे ती आवाज करत नाही. पण मध्ये दगड आले, पात्र चिंचोळं झालं, की खळखळ सुरू. बागेला पाणी घालायच्या नळीचं तोंड बोटाने दाबून पाहा, लगेच फुस्स आवाज येतो. रक्ताचंही तसंच. ते नीट, सरळ वाहतं तोवर गप्प असतं. झडप नीट मिटत नसेल आणि रक्त मागे गळत असेल, वाट अरुंद असेल, मधल्या पडद्याला भोक असेल, नाहीतर रक्तच पातळ होऊन फार वेगाने पळत असेल, तर त्यात भोवरे उठतात आणि आवाज येतो. लब आणि डब यांच्या मध्ये ‘श्शूऽऽ’. डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात. शब्द इंग्रजी, पण गंमत अशी, की मराठीतही मर्मर म्हणजे पानांची सळसळच!

आता नीट लक्ष द्या. मर्मर हा रोग नव्हे. तो फक्त आवाज आहे. दारावर कुणीतरी टकटक केली, एवढंच आपल्याला कळलं. बाहेर पोस्टमन आहे की चोर, ते दार उघडून पाहावं लागतं.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, २/६. आमच्या एका पठ्ठ्याने लगेच संक्षिप्त रूप देऊन १/३ करून दाखवलं! पण हा अपूर्णांक नव्हे, बरं का. सहापैकी दुसरी पायरी, असा त्याचा अर्थ. डॉ. सॅम्युअल लेव्हिन यांनी १९३३ साली अमेरिकेत माणसांच्या मर्मरसाठी अशा सहा पायऱ्या सुचवल्या. जनावरांचे डॉक्टरही तशाच वापरतात. पहिल्या पायरीचा आवाज इतका हलका, की शांत खोलीत बराच वेळ कान देऊन ऐकावं तेव्हा समजतो. चौथ्या पायरीचा चांगला मोठा. पाचव्या पायरीला छातीवर तळहात ठेवला तरी थरथर लागते. सहाव्या पायरीला तर स्टेथोस्कोप छातीवरून जरासा उचलला तरी आवाज येत राहतो.

ज्यांनी स्टेथोस्कोप शोधला ते रेने लेनेक फ्रान्सचे. १८१६ साली पॅरिसमध्ये एका तरुण बाईला तपासायचं होतं, आणि तिच्या छातीला कान लावणं त्यांना बरं वाटेना. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं, हे त्यांना आठवलं. (शाळेच्या लांब बाकावर करून पाहा, मात्र बाक खरवडू नका, नखाने घासलं तरी पुरतं.) त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि ती छातीला लावली. झाला पहिला स्टेथोस्कोप! पुढे त्यांनी तो लाकडाचा केला. छातीवर हाताला लागणाऱ्या त्या थरथरीला त्यांनी काय नाव दिलं असेल? मांजराची गुरगुर!

मग आवाज मोठा तेवढा रोग मोठा, असं असतं का? मीही तेच विचारलं. डॉक्टर हसले. ‘‘बाई, उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण तुम्हीच शिकवता ना?’’ हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीकसं भोक असलं, तर त्यातून रक्त जोरात फवारतं आणि आवाज फार मोठा येतो. तसं कुत्रं मजेत म्हातारं होऊ शकतं. भोक मोठं असेल, तर आवाज कमी आणि धोका जास्त असंही होतं. काही झडपांच्या आजारात मात्र आवाज वाढतो तसा रोग वाढल्याची शक्यता वाढते. म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नाही. आवाज कुठे सर्वांत मोठा आहे, लब आणि डब यांच्या मध्ये आहे की सतत चालू आहे, कुत्रं कोणत्या जातीचं, किती वयाचं, हे सगळं पाहायचं.

सतत चालू राहणारा आवाज ऐकला, तर डॉक्टर चटकन सावध होतात. पिल्लू आईच्या पोटात असताना श्वास घेत नाही, म्हणून फुप्फुसांकडे जाणारं बरंचसं रक्त एका छोट्या आडवाटेने परस्पर पुढे जातं. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ही आडवाट बंद व्हायला हवी. ती उघडीच राहिली, तर छातीत पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर ऐकू येते. अशी पिल्लं सुरुवातीला अगदी धडधाकट दिसतात, आणि उपाय केला नाही तर बरीचशी लहानपणीच दगावतात. पण ऑपरेशन करून किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक बूच नेऊन ती आडवाट बंद करता येते. वेळेवर झालं, तर पिल्लू पुरतं बरं होऊ शकतं. ऐकणाऱ्याचा कान किती मोलाचा, पाहा!

खडूचा आवाज तसा नव्हता. तो हलका, लब आणि डब यांच्या मधलाच होता. असे आवाज पुष्कळ निरोगी पिल्लांतही असतात, आणि चार-सहा महिन्यांचं होईतो ते आपोआप जातात. पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. त्यांनी खडूचा ओठ वर केला आणि मुलांना म्हणाले, ‘‘हिरड्या पाहा.’’

हिरड्या गुलाबी असायला हव्यात. खडूच्या हिरड्या खडूसारख्याच पांढुरक्या होत्या! रोज त्याच्याशी खेळूनही आमच्यापैकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. गोचिडांनी रक्त प्यायलं होतं, आणि पोटात जंत होते तेही रक्त पिणारेच. शिवाय गोचिडांमुळे रक्तात बारीक जंतू शिरतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, त्याला गोचीड-ताप म्हणतात. रक्त पातळ झालं, की हृदयाला ते भराभर पळवावं लागतं, आणि मग मर्मर येते. हृदयात काहीही बिघाड नसताना! डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, औषधं दिली आणि सांगितलं, महिन्याने या. तोवर एक काम करा. रोज झोपलेल्या खडूचे श्वास मोजा.

हे काम तुम्हीही करू शकता. कुत्रं किंवा मांजर गाढ झोपलं, की छाती वर आली आणि खाली गेली म्हणजे एक श्वास. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ३० पेक्षा कमी असेल तर सहसा ठीक. रोज ३० च्या वर जायला लागला, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. स्वप्न पाहत पाय झाडत असेल, तेव्हा मोजू नका. आमच्या वर्गाने वहीत तक्ता केला. पहिल्या दिवशी ३४. त्या दिवशी कुणी डबा नीट खाल्ला नाही. दहा-बारा दिवसांनी २६. दोनची पाढेवारी न सांगता पाठ झाली, ते वेगळंच!

खडूच्या निमित्ताने आमच्या शेजारच्या आजोबांनीही त्यांच्या पॉमेरियनला तपासून आणलं. अकरा वर्षांचा, फक्त जिन्यावर जरा दमतो एवढंच. मर्मर निघाली ४/६! लहान चणीच्या कुत्र्यांत म्हातारपणी हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होते आणि गळू लागते. पण अशी बरीच कुत्री वर्षानुवर्षं मजेत जगतात. एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा हृदय वाढलेलं नव्हतं. म्हणून गोळी दिली नाही. आजोबा जरा नाराजच झाले. तपासायला पैसे घेतले आणि औषध नाही? पण त्यात अर्थ आहे. २०१६ साली एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की हृदय वाढलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे औषध वेळेवर दिलं, तर त्यांचं हृदय थकण्याची वेळ सुमारे सव्वा वर्षाने पुढे जाते. हृदय वाढलेलं नसताना ते देऊन फायदा दिसलेला नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं.

आणि मांजर? ती तर भलतीच लबाड! माझ्या घरी मनी आहे. नसबंदीआधी तिला तपासायला नेलं, तर बाईसाहेब गुरगुरायला लागल्या. त्या आवाजात हृदय कसलं ऐकू येणार? डॉक्टरांनी बेसिनचा नळ सोडला. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकताच मनी दचकून गप्प! पुष्कळ डॉक्टर ही युक्ती करतात. मर्मर होती. पण थोडा वेळ निवांत बसू दिल्यावर नव्हती! मांजर घाबरलं, हृदय जोरात धावायला लागलं, की अनेक निरोगी मांजरांतही आवाज येतो आणि मग जातो. उलट, मांजरांच्या हृदयाची भिंत जाड होण्याचा एक आजार असतो, त्यात कधीकधी आवाजच येत नाही. तेव्हा मांजराच्या बाबतीत स्टेथोस्कोपवर विसंबून चालत नाही, सोनोग्राफी करूनच पाहावं लागतं. खरं सांगते, एवढ्या खर्चाची गरज काय, असं मला वाटलं होतं. चांगली उंदीर पकडते, आणखी काय हवं? पण केली, आणि भिंत थोडी जाड निघाली. हे आधी कळल्यामुळे भूल जपून देता आली. आता तिचेही श्वास मी मोजते. एक सांगून ठेवते: कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं ते नेहमीचंच, पण मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा.

महिन्याने खडूच्या हिरड्या गुलाबी झाल्या होत्या. आवाज होता, पण १/६. लस टोचली. साडेपाच महिन्यांचा झाल्यावर नसबंदीआधी पुन्हा नेलं. पंखा बंद. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं आणि काही न बोलता स्टेथोस्कोप त्या रडलेल्या मुलीच्या कानात घातला.

तिने डोळे मिटून ऐकलं. ‘‘बाई, आत लेझीम चाललंय! पण मध्येच जोरात, मध्येच सावकाश. बिघडलंय का?’’

‘‘नाही गं,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘कुत्रा श्वास आत घेतो तेव्हा ठोके भरभर पडतात, सोडतो तेव्हा सावकाश. निवांत असलेल्या कुत्र्याचं लेझीम असंच असतं. मध्ये श्शूऽऽ येतंय का?’’

तिने पुन्हा ऐकलं. मग मान हलवली. ‘‘नाही.’’

डॉक्टरांनी केसपेपरवर मर्मरच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि ऑपरेशनसाठी पुढचा मंगळवार दिला.