रात्रीच बंद पडणारा कॅमेरा

तुमसरकडच्या एका राईस मिलमध्ये दिवसा आठही कॅमेरे नीट चालायचे. अंधार पडला की मागच्या फाटकावरचा बंद! कॅमेरा बदलून झाला, वायरही बदलली. दोष तिथे नव्हताच.

हे कॅमेरे पीओईवर चालतात, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून डेटाही जातो आणि वीजही. २००३ च्या मूळ मानकानुसार स्विचचा एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देतो. पण सगळ्या पोर्टना मिळून स्विचची एक मर्यादा असते. इथे ती ६० वॅट होती.

दिवसा एक कॅमेरा साधारण ५ वॅट घेतो, म्हणजे एकूण ४०. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की तोच ८ वॅटवर जातो. आठ आठे चौसष्ट! मग स्विच सर्वांत कमी प्राधान्याचा पोर्ट तोडतो. बऱ्याच स्विचमध्ये प्राधान्य सारखं असेल तर शेवटच्या नंबरचा पोर्ट आधी जातो. मागचं फाटक नेमकं आठव्या पोर्टवर होतं.

मॅनेज्ड स्विचमध्ये प्रत्येक पोर्टचं प्राधान्य ठरवता येतं. फाटक आणि वजनकाट्यावरचे कॅमेरे वर ठेवा. खरा उपाय मात्र जास्त वॅटचा स्विच.

विजेचा आणखी एक मुद्दा: काही कॅमेऱ्यांना पीओई आणि अडॅप्टर दोन्ही जोडता येतात. आधी कोणती वीज घ्यायची, हे मॉडेलनुसार बदलतं. बसवतानाच एकेक जोडणी काढून बघा, कॅमेरा रीस्टार्ट होतो का ते.

भंडारा, साकोली, पवनीकडे कुणाला अशी अडचण असेल तर स्विचचं मॉडेल कमेंटमध्ये टाका.