कॉलेजने नोकरीवरून काढले, तर दाद कुठे मागायची?

जळगाव-धुळ्यातील अनुदानित महाविद्यालयांत पगार सरकारचा, पण नेमणारी आणि काढणारी संस्था. अशा वेळी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चे कलम ८१ कामी येते. प्राध्यापकच नव्हे, लिपिक आणि शिपाईही बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतात. मुदत आदेश हाती पडल्यापासून ३० दिवस. खरी गोची इथेच होते. ‘बसून मिटवू’ या तोंडी आश्वासनावर थांबले की महिना सरतो. मग उशिराचे सबळ कारण पटवावे लागते.

जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील नियमित कर्मचारी मात्र सरकारी नोकर. त्यांना हे कलम नाही. त्यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे जायचे.