बायको म्हणून चुकली, म्हणून आई राहिली नाही?

काही दिवसांपूर्वी आमच्या ऑफिसात एक भगिनी आल्या. सोबत थोरली बहीण, हातात पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर. मजकूर टाईप होऊन तयार होता. पती-पत्नी राजीखुशीने विभक्त होत आहेत, दोन्ही मुले बापाकडे राहतील, आईचा त्यांच्यावर कसलाही हक्क राहणार नाही. खाली वस्तीतल्या चार प्रतिष्ठितांच्या साक्षीदार म्हणून सह्या. बाईंची सही तेवढी बाकी होती.

आम्ही विचारले, मुले का सोडता? त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, नाही सोडली तर ते मोबाईलमधले मेसेज कोर्टात लावणार आहेत. पोरांच्या शाळेत कळलं तर?"

मेसेज खरे होते. नवऱ्याचे पिणे, मारणे दहा वर्षे चालले होते. कुणीतरी दोन शब्द आपुलकीने बोलला आणि पाय घसरला. आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. परंतु त्या चार प्रतिष्ठितांपैकी एकाने तरी दहा वर्षांत त्या नवऱ्याला बैठकीत बोलावून पंचशीलातील पहिल्या आणि पाचव्या शीलाची आठवण करून दिली होती काय? शील पाळण्याचा मक्ता फक्त बाईने घेतला आहे काय?

अब्रू आणि लेकरू यांपैकी एकच निवड, हा डाव जुना आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेने बदनामीच्या भीतीने आपल्याच अर्भकाचा जीव घेतला. कोर्टाने फाशी सुनावली, ती अपिलात टळली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या चारित्र्याचा पंचनामा केला, पण त्या मुलाचा बाप कोण हे कुणी विचारले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी संतापून १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले ते त्यावरच. त्याच्या बऱ्याच आधी, १८६३ मध्ये, जोतीराव-सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. तिथे आलेल्या विधवेला तिच्या चारित्र्याचा दाखला मागितला जात नव्हता. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला.

आता कायद्याचे पाहू. भारतीय दंडविधानाच्या कलम ४९७ प्रमाणे व्यभिचारात शिक्षा फक्त परपुरुषाला होती, आणि नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नव्हता! म्हणजे बायको ही नवऱ्याची मालमत्ता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम रद्द केले. (हिंदू कोड बिल रखडवल्यामुळे बाबासाहेबांनी मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे पत्र दिले ती तारीखही २७ सप्टेंबरच, साल १९५१.) आज व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आहे, गुन्हा नाही. सतत व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीची पोटगी जाऊ शकते, पण एखाद्या वेळच्या चुकीने ती जात नाही. आणि मुलांची पोटगी तर आईच्या वर्तनावर अवलंबूनच नाही.

मुलांच्या ताब्याचा प्रश्न याहून वेगळा. १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा आम्हा बौद्धांनाही लागू आहे, हे दुखणे आहेच. त्यात आधी बाप, मग आई असा क्रम घातला आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'मग'चा अर्थ सैल केला, शब्द मात्र कायम आहेत. परंतु त्याच कायद्याचे कलम १३ सांगते की अज्ञानाचे कल्याण सर्वांत वर. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की व्यभिचाराचा आरोप घटस्फोटासाठी चालेल, मुलाचा ताबा नाकारण्यासाठी नाही. बायको म्हणून चांगली नसली तरी ती आई म्हणून वाईट ठरत नाही. आणखी एक धमकी हल्ली सर्रास दिली जाते, "पोराची डीएनए करतो." २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की केवळ व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची अशी तपासणी ऊठसूट करता येणार नाही.

राहिली शाळेत कळण्याची भीती. खरी भीती तीच असते, कलमांची नव्हे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४, कलम ११: दोघांपैकी एकाने जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते कामकाज छापताही येत नाही. एवढी साधी गोष्ट त्या बाईला ना माहेरच्यांनी सांगितली, ना साक्षीदारांनी. स्टॅम्प पेपर मात्र तत्परतेने आणून दिला! त्या कागदाने लग्न मोडत नाही आणि मुलांच्या ताब्याबाबत न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत. तरीही अशा कागदावर सही करून कित्येक माता वर्षानुवर्षे लेकरांची तोंडे न पाहता जगतात, आणि वस्ती म्हणते, "पोरं टाकून गेली."

हे सगळे समजावून सांगितले तेव्हा बाई बराच वेळ गप्प होत्या. थोरली बहीण म्हणाली, "नाव तर जाईलच ना साहेब." आम्ही म्हणालो, नावाची हमी आम्ही देऊ शकत नाही. बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली, सही न करता. मग विचारले, "धाकट्याची पुस्तकं माझ्याकडेच राहिलीत. परीक्षा जवळ आलीय. त्याला भेटायला कधी मिळेल?"

त्या दिवशी आम्ही दुसरे काही न लिहिता आधी अंतरिम ताब्याचा आणि भेटीचा अर्ज तयार केला.